काशीबाईची वलांडी कबूल जाहली त्याची हकीकत

श्री समुद्रदेवता प्रसन्न.

अखंडित परीक्षाग्रस्त, राजमान्य राजश्री समस्त विद्यार्थी, माजी विद्यार्थी व राहिलेल्या विषयांचे विद्यार्थी यांचे सेवेसी दंडवत. विनंती ऐसी जे, शके १९१५ श्रीमुखनाम संवत्सरी माघमासी तारापूर मुक्कामी गुणवत्तेचे जे तुंबळ युद्ध जाहले, त्याची साद्यंत हकीकत कोणी तरी लिहून ठेवावी, नाही तर पुढील पिढ्या म्हणतील की व्यवस्थापनाचा अभ्यास म्हणजे पंख्याखाली बसून फळ्यावरचे उतरवून घेणे. यास्तव थोरांचे तोंडून ऐकिले, लहानांनी शपथेवर सांगितले आणि बोईसर स्टेशनाबाहेरील चहाचे टपरीवर ज्याचा बोभाटा जाहला, ते सर्व एकत्र करून हा मजकूर सिद्ध केला आहे. अधिकउणे असेल ते वाचकांनी पदरचे घालून पुरते करावे.

ते काळी बोईसर मुलुखी वर्तमान ऐसे होते की, विलायतेहून गुणवत्तेचे एक प्रमाणपत्र येते आणि ते कचेरीचे भिंतीवर टांगले म्हणजे माल सातासमुद्रापार जातो, ऐसी आवई उठली. मग काय विचारता! काल जो पिंपाचे झाकण लाथेने बसवीत होता, तो आज त्याच झाकणावर हिरवी चिठ्ठी चिकटवून दोन पावले मागे सरून पाहू लागला, आणि दरवाज्या-दरवाज्यावर 'गुणवत्ता हेच आमुचे ब्रीद' ऐसी निशाणे फडकली, आणि गुणवत्ता म्हणजे काय हे ज्यास ठाऊक आहे त्यास बोलावून आणा, ऐसे हुकूम सुटले. त्याकारणे पालघरचे एका महाविद्यालयास विद्यापीठाने व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बहाल केला. त्यातील बाकीचे विषय म्हणजे गढ्या, पाठांतराची शिडी लाविली की सर होत. परंतु अखेरचे सत्रास 'प्रकल्पांतील गुणवत्ता व्यवस्थापन' नामे जो विषय होता, तो जंजिरा. त्यापुढे भले भले तांडेल बुडाले.

या जंजिऱ्याचे किल्लेदार प्रोफेसर पुंजारामसर. मूळचे मराठवाड्याकडील, अंगाने सडपातळ, बोलण्यात गोड आणि मार्कांत कडू. त्यांनी सत्रारंभीच फर्मान काढिले जे, नुसता पेपर लिहून कोणी पार होणार नाही. प्रत्येक तुकडीने एक लहानसा खरा प्रकल्प हाती घ्यावा, त्यास बाहेरचा खरा ग्राहक गाठावा, ग्राहकास काय हवे ते आधी विचारून घ्यावे, त्याची योजना बांधावी, कामाचे पायरीपायरीस तपासणी करावी, आणि शेवटी मुंबईहून बाह्य परीक्षक येतील त्यांचे समक्ष ग्राहकाने स्वमुखे सांगावे की मागितले तैसे मिळाले, मी राजी आहे. गुणवत्ता म्हणजे ग्राहकाचे समाधान, बाकी सर्व तपशील. ग्राहक राजी न जाहला तर तुकडी नापास, मग कागद सोन्याचे का असेनात.

हे फर्मान ज्या एका व्यक्तीस सर्वांहून जड गेले, ती या बखरीची नायिका, कुमारी हंसा. तारापूरचे कोळीवाड्यातील कन्या, बाप होडीवर, आई माई बोईसरचे बाजारात मासळी घेऊन बसणारी, आणि हंसा लहानपणापासून तिचे मांडीस मांडी लावून पापलेटाकडे पाहत वाढलेली. बुद्धीने तल्लख, म्हणोन बोईसरचे एका कारखान्याने तिला गुणवत्ता विभागी कच्च्या नेमणुकीवर घेतले होते. नेमणूक पक्की होणे ते या पदवीवर. परंतु गेले वर्षी ती याच जंजिऱ्यावर आपटली. ते वेळी प्रकल्प होता महाविद्यालयाचे सायकलींवर छप्पर घालण्याचा, ग्राहक होते हेडक्लार्क, त्यांस परीक्षकांनी पुसले, छप्पर कैसे आहे, त्यांनी पान थुंकून सांगितले, "ठीक आहे." परीक्षक म्हणाले, ठीक म्हणजे समाधान नव्हे. आणि तुकडी बुडाली.

आता ही दुसरी स्वारी. कारखान्याचे साहेबांनी साफ कळविले होते की खुर्ची या निकालापावेतो राखू, पुढे नाही. हंसास मासळीची पाटी डोक्यावर घेण्याची लाज नव्हती, त्या पाटीवरच ती वाढली. भय होते ते निराळेच. माईने बाजारभर सांगून ठेविले होते की माझी पोर मोठे शिकते आहे, आणि पोर दुसऱ्यांदा आपटली तर बाजार माईस काय काय ऐकवील, या विचाराने हंसा बाजाराचा रस्ता टाळून लांबून घरी जाऊ लागली. येणेप्रमाणे मोहिमेची निकड होती.

फौजेत सरदार दोन. एक उषा, वीजकेंद्राचे कॉलनीत राहणारी, मूळची साताऱ्याकडील, जिचा धर्म ऐसा की जे लिहिले नाही ते घडलेच नाही. दुसरा पंढरी, सालवडचे चाळीतला, दिवसा कारखान्यात लेथवर आणि संध्याकाळी वर्गात, आणि जैसे इतर तरुण खिशात कंगवा बाळगीत तैसे हा जाडी मोजण्याचे व्हर्नियर बाळगी. मोजता न येणाऱ्या वस्तूवर त्याचा इतबार नव्हता. त्याचे लग्न ठरत नव्हते त्याचे कारण हेच, ऐसे सालवडास बोलले जाई.

प्रथम संकट ग्राहकाचे. नियम ऐसा की ग्राहक नात्यातला नसावा. आता कोळीवाड्यात नात्यातला नाही ऐसा माणूस शोधणे म्हणजे समुद्रात कोरडी जागा शोधणे. जिच्या दारी जावे ती मावशी निघे, नाही तर आत्या, नाही तर मावशीची जाऊ आणि आत्याची विहीण दोन्ही एकच. शोधता शोधता वडिलधाऱ्यांनी कौल दिला की काशीबाईशी तुमचा काडीचा संबंध लागत नाही, आणि लागत असला तरी ती कबूल करणार नाही. शिवाय काशीबाईची गरज खरी होती. तिची वलांडी, म्हणजे बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वाळत टांगण्याचा बांबूंचा मांडव, मागले वाऱ्यात भुईसपाट जाहली होती, आणि बोंबलांचे दिवस तर ऐन भरात.

परंतु काशीबाई कोण हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. काशीबाई म्हणजे बोईसरचे बाजारातील साक्षात तोफ. तिचे आयुष्यात तिने कोणत्याही वस्तूस चांगली म्हटल्याचा दाखला नाही. जावई प्रथम दारी आला, तेव्हां तिने न्याहाळून सांगितले, "बरा हाय, पन चालताना फेंगडा दिसतो." नातू जन्मास आला, अवघे घर आनंदले, हिने टोपडे सारून पाहिले आणि म्हणाली, "नाक बसकं हाय." देवीचे जत्रेतून प्रसाद आला तरी गूळ कमी पडला ऐसे ती बोले, आणि खाऊन हात चाटी. ऐसा ग्राहक हंसाने आपण होऊन पत्करिला. पंढरीने विचारिले की दुसरे कोणी नाही का, तेव्हां हंसा म्हणाली, "नाय. बाकी समदे माझे मामा हायत."

मग शुभ दिवस पाहून तिघे काशीबाईचे अंगणी शिष्टाईस गेले आणि अदबीने विचारिते जाहले की आपल्या अपेक्षा काय. काशीबाई बोंबील सोलीत होती, तिने मान वर केली नाही.

"अपेक्षा कसली? वलांडी पायजे. पडंल अशी नको."

उषाने लिहिले, स्थैर्य. उंची किती हवी, ऐसे पुसता काशीबाईने ओला हात वर करून दाखविला, "हितवर. माझा हात पोचंल तितकी." पंढरी टेप घेऊन तो हात मोजावयास धावला, तो टेपेवर बोंबलाचे पाणी आणि पंढरीचे मनगटावर चापट, दोन्ही एकसमयी पडले. आणि शेवटी तिने मुख्य कलम सांगितले जे, "नि जिवलीच्या वलांडीपरीस वाईट नको." जिवली म्हणजे शेजारीण, तिची वलांडी वाऱ्यात तगली होती, आणि ते काशीबाईचे काळजात सलत होते. उषाने लिहिले, तुलनेचा मानदंड: जिवली.

त्यानंतर सरांनी शिकविलेले अस्त्र बाहेर काढिले. जुनी वलांडी का पडली त्याची कारणे शोधण्यास्तव उषाने मोठा कागद अंगणात पसरून माशाचे काट्याची आकृती काढिली, मधे पाठीचा कणा, उजवीकडे डोके, तेथे लिहिले 'वलांडी पडली', आणि दोहों बाजूंस कारणांचे काटे: बांबू, दोरी, वारा, माणूस. सर्व विद्यापीठांत ही आकृती नावाजलेली, परंतु ती कोळीवाड्यात प्रथमच येत होती. भोवती बायका जमल्या, आणि हा मासा कोणता यावर वाद पेटला. एकीने शिंगाळा म्हटला, दुसरीने ठणकावून सांगितले की शिंगाळ्याला असे सरळ काटे नसतात, आणि काशीबाईने कोयती खाली ठेवून आकृतीभोवती एक फेरी मारिली आणि निवाडा दिला.

"मांस तुमी खाल्लं, नि काटं मना आनून दिलं व्हय?"

अवघे अंगण हसले. उषाने तेही ग्राहकाचा अभिप्राय म्हणोन नोंदविले, आणि हंसाने मान खाली घालून कागद गुंडाळला.

मग मनोरची मोहीम. मनोर म्हणजे हमरस्त्यावरील पेठ, तेथे बांबूंचे मातबर व्यापारी. टेम्पो करून फौज निघाली, वाटेत खड्डे बहुत, पंढरी व्हर्नियर छातीशी धरून बसला. वखारीत पोहोचताच त्याने एक एक बांबू मोजावयास आरंभ केला, आणि जो मोजावा तो बुडाशी एक भरे, शेंड्यास दुसरा, मधे तिसराच. पंढरी 'बाद' म्हणे, आणि पुढला घेई, तोही बाद. बाद बांबूंचा ढीग रस्त्यापावेतो आला, आणि वखारवाला इतका वेळ विडी ओढीत बसला होता तो शेवटी उठून म्हणाला, "भाऊ, बांबू रानात वाढतं. तुमच्या मशिनीत नाय."

पंढरी पुस्तक काढून सांगू लागला की तफावत मान्य मर्यादेत असावी, वखारवाला म्हणाला की माझीही एक मर्यादा आहे, ती संपत आली. तेव्हां हंसाने मधे पडून नवी तपासणी ठरविली. आडवा बांबू दोन ओंडक्यांवर ठेवून ती स्वतः त्यास लोंबकळली. जो करकरला तो बाद, जो मुकाट राहिला तो कबूल. हमरस्त्यावरील ट्रकवाले गाड्या हळू करून पाहत, आणि एकाने हिंदीत विचारिले की बहनजी, सर्कस कहाँ लगी है. हंसाने लक्ष दिले नाही. बांबू ठरले, टेम्पो भरला, आणि फौज विजयी मुद्रेने परतली.

पुढे उभारणी. येथे पंढरीचे हातून एक घात जाहला, तो झाकून ठेवणे बखरीस शोभत नाही. बांबू दोरीने बांधणे त्यास गावंढळ वाटले, म्हणोन त्याने कारखान्याचे रीतीने भोके पाडून नट-बोल्ट आवळिले, आणि असे आवळिले की बांबू टराटर फाटला. आवाज इतका मोठा की कोंबड्या उडाल्या आणि काशीबाई घरातून ओरडली, "मेला का कोन?" कोणी मेले नव्हते, फक्त योजना मेली होती. मग काथ्याची दोरी आणिली, हंसाचे बापाने होडीवरील गाठ दाखविली, तिघांनी तळवे सोलून घेतले, आणि वलांडी उभी राहिली. तिघे एकदम तिला लोंबकळले तरी ती हलली नाही. तो क्षण मोठा गोड. हंसास वाटले, जिंकलो.

परंतु खरे युद्ध तेथून पुढे होते. काशीबाई तपासणीस आली, कमरेवर हात ठेवून तिने वलांडी पाहिली, आणि फर्मान काढिले की ही पूर्वेला कललेली आहे. पूर्वेचे खांब उपटून पुन्हा रोविले. दुसरे दिवशी ती म्हणाली आता पश्चिमेला कलली. तेही दुरुस्त केले. मग उंच जाहली, म्हणोन आडवे बांबू खाली घेतले, मग ठेंगणी जाहली, म्हणोन वर नेले, मग दोरी टोचते म्हणाली, मग सावली चुकीची पडते. योजा, करा, तपासा, सुधारा, हे सरांनी शिकविलेले सुधारणेचे चक्र घाण्याचे बैलासारिखे फिरू लागले, आणि तेल काही निघेना. उषाचे तक्ते बदलता बदलता शाई संपली. पंढरी तर व्हर्नियर खिशात ठेवून नुसता बसून राही, आणि विचारी की शून्य दोष म्हणजे काय ते या बाईस ठाऊक आहे का.

एके दिवशी शेजारीण जिवली तिकडून चालली होती. ती थांबली, वर पाहिले, म्हणाली, "झ्याक झाली गो वलांडी," आणि बोंबलांची टोपली सावरीत निघून गेली. पंढरी उसळून म्हणाला, ग्राहक बदला, हिलाच करू! तो अर्ज पुंजारामसरांपाशी गेला, आणि सरांचा निकाल आला जे, ग्राहक आधी ठरतो, मागाहून सोयीने नव्हे. तो मार्ग खुंटला.

मग अखेरची शिष्टाई. चहा करून, बोईसरची बटरे घेऊन हंसा एकटीच काशीबाईपाशी बसली, आणि आडपडदा न ठेवता सांगितले की उद्या मुंबईचे साहेब येतील, तुला विचारतील, तेव्हां एकदा चांगली म्हण, माझी नोकरी तुझ्या जिभेवर आहे. काशीबाईने बटर चहात बुडविले, थोडे नरम आहे ऐसे सांगितले, आणि मग बोलली.

"चांगली म्हनू? मी? आता फुकटच्या मालाला चांगलं म्हनलं का देनाऱ्याला पस्तावा येतो. नि दृष्ट लागते ती येगळीच. उद्या पडली तं तुजा साहेब येनार हाय का उभी कराया?"

"मावशे, एकदाच."

"मी तुजी मावशी नाय. तूच सांगितलंस ना, नातं नको म्हनून."

हंसाने चहाची भांडी उचलली. ती घरी गेली, माईने वाढलेले ताट तसेच सारले, आणि उद्या काय होणार ते तिला आताच दिसू लागले. रडावेसे वाटले, आणि ती रडली.

परीक्षेचा दिवस उगवला. बाह्य परीक्षक कमलाकांतसाहेब मुंबईहून दाखल जाहले, अंगाने भारदस्त, इस्त्री कडक, चेहरा ऐसा की पास करण्याची सवय मोडलेली. पुंजारामसर त्यांचे पाठोपाठ, घाम टिपीत. देवळातून खुर्ची आणिली, त्यावर साहेब बसले, आणि कोळीवाडा लोटला. बायका बोंबलांचे हात पदरास पुसून उभ्या, पुरुष जाळी विणता विणता, माईही बाजार सोडून आली आणि मागे भिंतीस टेकून राहिली. साहेबांनी उषाचे कागद पाहिले, मान डोलाविली. पंढरीने लोंबकळून दाखविले, साहेबांनी डोळे मिटले, उघडले, वलांडी उभीच होती. मग ते म्हणाले, "आता ग्राहक."

काशीबाई पुढे आली, एका हाताने वलांडीचा खांब धरिला, आणि तोफखाना सुरू जाहला.

"काय सांगू सायबा! वाकडी हाय. ठेंगणी हाय. दोरी टोचते. बांबू तर काय, जिवलीचे याच्यापरीस सरळ. नि सावली बघा कुटं पडते! पोरं शिकलेली, पन बांदता येत नाय."

कमलाकांतसाहेबांनी लेखणीचे टोपण काढिले. सर्व जाणत होते ते काय लिहिणार. पुंजारामसरांनी आकाशाकडे पाहिले. उषाने वही मिटली. पंढरीचे ओठ हलत होते, ते देवाचे नाव नसावे. हंसाने माईकडे पाहण्याचे टाळले, म्हणोन तिची नजर खाली गेली आणि काशीबाईचे हातावर पडली.

तोंड दोष सांगत होते, आणि हात खांब सोडीत नव्हता. बोटे अशी घट्ट की नखे पांढरी.

तेव्हां हंसाचे डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऐसा हात तिने जन्मभर पाहिला होता. बाजारात गिऱ्हाईक पापलेटाचा कल्ला उचलून म्हणते, शिळा हाय, डोळे बसलेत, काल्चा हाय, आणि बोटे कल्ल्यातून निघत नाहीत. ते गिऱ्हाईक घेणार. जे घेणार नाही ते म्हणते, छान हाय गो, आणि पुढच्या पाटीकडे जाते, जैसी जिवली गेली. इतके दिवस तिघे काशीबाईकडून स्तुती मागत होते, आणि ती बिचारी तर पहिले दिवसापासून सौदा करीत होती! दोष दुरुस्त करावयाचे नव्हतेच, ते मालाचे मोल होते. मग ऐसे गिऱ्हाईकापुढे माई काय करी? माई वाद घालीत नसे. माई माल मागे ओढी.

हंसाने पदर खोचला आणि खणखणीत आवाजात हुकूम केला, "उषा, दोरी सोड. पंढरी, आडवे बांबू काढ. गिऱ्हाईकाला माल पसंत नाय, माघारी न्यायचा. टेम्पो बोलवा!"

पंढरीस काही उमजले नाही, परंतु हुकूम म्हणजे हुकूम, त्याने पहिल्या गाठीस हात घातला. आणि मग जे जाहले ते पाहून मुंबईचे साहेब खुर्चीसकट मागे सरले. काशीबाईने पदर कमरेस आवळला, वलांडीस पाठ टेकून दोन्ही हात पसरले, आणि गरजली.

"हात लावून तं बघ, मेल्या! हात मोडीन!"

हंसा म्हणाली, "पन वाकडी हाय ना?"

"हाय! वाकडी हाय, ठेंगणी हाय, पन माझी हाय! न्यायला आला तं बघतेच त्याच्याकडं!"

पंढरीने गाठीवरचा हात काढिला. मग मागून कोणी तरी हसले, मग सगळेच. कमलाकांतसाहेब लेखणी हातात धरून विचारते जाहले की बाई, तुम्ही राजी आहा की नाही. काशीबाईने त्यांचेकडे अशा नजरेने पाहिले की हा मनुष्य बाजारात कधी गेलाच नसावा. "राजी कशाला व्हायचं? आपल्याच वस्तूला कोन राजी हुतं?" ऐसे म्हणोन तिने टोपली ओढली, आणि परीक्षेचा निकाल लागण्यापूर्वीच बोंबलांची पहिली जोडी वलांडीवर अडकविली.

मग साहेबांत आणि पुंजारामसरांत मोठी मसलत जाहली. साहेब म्हणाले, पुस्तकी दोनच प्रकार, समाधानी ग्राहक आणि तक्रारी ग्राहक. तक्रार करतो आणि सोडीतही नाही, या प्रकारास प्रकरण नाही. सरांनी अदबीने विनविले की माल परत देण्यास जो नकार देतो त्याहून मोठी स्वीकृती कोणती, साहेब. साहेबांनी पुन्हा एकदा काशीबाईकडे पाहिले, ती तोवर सावलीस शिव्या देत तिसरी जोडी लावीत होती. आणि त्यांनी लिहिले: ग्राहकाने प्रकल्प ताब्यात घेतला, परत देण्यास साफ नकार, तुकडी उत्तीर्ण. जाता जाता त्यांस सुके बोंबील घ्यावयाचे सुचले, आणि त्यांनी चूक ऐसी केली की हातात घेऊन म्हटले, "वा, छान आहेत." पंढरी मागून खाणाखुणा करीत राहिला, परंतु उशीर जाहला होता. काशीबाईने भाव चढविला तो उतरलाच नाही.

येणेप्रमाणे तारापूरची मोहीम फत्ते जाहली. उषास, पंढरीस व हंसास शके १९१६ भावनाम संवत्सरी वैशाखमासी विद्यापीठाचा निकाल प्राप्त जाहला. पंढरीने व्हर्नियर सोडिले नाही, परंतु त्याचे लग्न ठरले. पुंजारामसरांनी पुढील वर्षापासून फळ्यावर लिहिले की ग्राहक काय बोलतो ते ऐकावे आणि त्याचा हात कोठे आहे ते पाहावे, आणि कारण विद्यार्थ्यांस सांगितले नाही. हंसाची खुर्ची पक्की जाहली, ही गोष्ट कारखान्याचे शिक्क्यानिशी नमूद असे.

निकालाचे दिवशी हंसा बोईसरचे बाजारात गेली, गिऱ्हाइकांची गर्दी, माई पाटीमागे. हंसाने गुणपत्रिका तिचे हाती दिली. माईने ती उलटी धरली, मग सरळ केली, मग डोळ्यांजवळ नेली, आणि भर बाजारात फर्मान काढिले जे, "इतकेच मार्क? नि हा कागद कसला पातळ दिला? सही पन नीट केली नाय कोनी. नि तू किती वाळलीस गो, केस बघ कसे झालेत, नि पेढे कुटं हायत?"

शेजारच्या पाटीवाल्या बाईने, माल तपासावयाचे रीतीने, बघू म्हणोन हात पुढे केला. माईने कागद तिला दिला नाही. तिसऱ्या पाटीवालीने मागितला, तिलाही नाही. गिऱ्हाईक खोळंबले, कोलंबीवर माशा बसल्या, माई एका हाताने तराजू धरून राहिली आणि दुसऱ्या हातातला कागद तिने छातीशी दाबून धरिला तो सोडिला नाही. हंसाने तो परत मागितला नाही. ती माईचे शेजारी मांडीस मांडी लावून बसली आणि गिऱ्हाइकांस भाव सांगू लागली.

बोईसर बाजार मुक्कामी ही फत्ते दाखल असे.